क्लबचं अन्नवाटप, अध्यक्षांचं एक वर्ष आणि घाटीगावकडची कुपोषित बाळं: ग्वाल्हेरकरांनो, बोला

लश्करवाली
मंडळी, लांबलचक लिहितेय पण पूर्ण वाचून मग बोला. आमचा सेवा क्लब लश्करातला, जुना, निम्मे सभासद मराठी. नाव लिहीत नाही कारण ही एकाच क्लबची गोष्ट नाहीये. यंदा बोर्डाने लहान मुलांची भूक हा विषय घेतलाय, पैसेही बऱ्यापैकी बाजूला काढलेत, आणि प्रस्ताव आला तो असा की महिन्यातून एका रविवारी घाटीगाव-मोहनाकडच्या सहरान्यांत जायचं, पुरी-भाजी आणि बुंदी वाढायची, केळी आणि बिस्किटांचे पुडे द्यायचे, बॅनर धरून फोटो काढायचा आणि दुपारच्या आत परत.

बाहेरगावच्यांसाठी सांगते, सहराना म्हणजे सहरिया आदिवासींची वस्ती, मूळ गावापासून जरा बाजूला असते. ग्वाल्हेर, शिवपुरी, श्योपूर, मुरैना या सगळ्या पट्ट्यात हा समाज आहे. जंगलातून डिंक, महुआ, तेंदूपत्ता आणायचा, खाणीत दगड फोडायचे आणि मोहरी-गव्हाच्या दिवसांत बायकापोरांसकट चैत कापायला बाहेर पडायचं, असं वर्ष असतं त्यांचं.

मी अशा वाटपांना गेलेय आणि दरवेळी एकच गोष्ट दिसते. ज्या मुलांसाठी आपण जातो ती मुलं पंक्तीत नसतातच. पंक्तीत येतात ती सहा-आठ वर्षांची, धावत येणारी. जे खरोखर धोक्यात आहे ते दहा महिन्यांचं बाळ आत झोळीत निपचित पडलेलं असतं, त्याला पुरी चावता येत नाही, ते रडतही नाही फारसं. त्याची आई बाहेर येऊन दोन पुडे घेऊन जाते आणि आपल्या वहीत लाभार्थी म्हणून एक आकडा वाढतो.

दुसरं म्हणजे, क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. नवे अध्यक्ष आले की नवा प्रकल्प, जुन्याला कुणी वाली नाही. आणि बाळाचं काय, तर गर्भ राहिल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे १००० दिवस सगळ्यात महत्त्वाचे, तेव्हा खुंटलेली वाढ नंतर भरून काढणं फार अवघड असतं. १००० दिवस म्हणजे जवळजवळ तीन अध्यक्ष. हे गणित कुठल्याच क्लबात कुणी मांडत नाही. तर माझा प्रश्न हा आहे की एका वर्षाच्या मापाने चालणाऱ्या क्लबाने तीन वर्षांचं काम धरायचं कसं? कुणी केलं असेल, पाहिलं असेल तर लिहा.

मोरारचे_काका
ताई, तुमची कळकळ समजते पण एक बोलू का, भुकेल्याला जेवू घालण्यात वाईट काय आहे? आपल्याकडे अन्नदान हे सगळ्यात मोठं दान. किल्ल्यावर दाता बंदी छोड गुरुद्वारात लंगर चालतो, तिथे कुणी विचारत नाही की जेवणाऱ्याचं वजन किती वाढलं. मी वडिलांच्या तिथीला दरवर्षी पंगत घालतो, त्या मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो काय खोटा? त्या दिवशी तरी त्यांच्या पोटात गोड जातं. सगळंच कागदावर मोजायला लागलो तर माणूस देणंच बंद करेल. आणि क्लबमध्ये नवे लोक येतात ते अशा कार्यक्रमांमुळेच येतात हेही बघा.

रिटायर्ड_पर्यवेक्षिका
काका, तुमच्या पंगतीला कुणी वाईट म्हणत नाहीये. मी महिला बाल विकासात पर्यवेक्षिका होते, सगळी नोकरी याच भागात गेली, म्हणून थोडं आतलं सांगते.

सहरान्यात धान्य नाही असं आज नाहीये. कंट्रोलवर गहू-तांदूळ मिळतो, २०२३ पासून फुकट आहे, अंत्योदय कार्ड असेल तर घराला ३५ किलो. सहरिया, बैगा, भारिया या तिन्ही समाजांच्या बायकांच्या खात्यात डिसेंबर २०१७ पासून आहार अनुदानाचे महिना १००० रुपये सुरू झाले, पुढे ते वाढले. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत नाश्ता आणि गरम जेवण, माझ्या नोकरीच्या काळात ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असा नियम होता. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळाचं मात्र तयार पाकीट घरी जातं, आणि खरी मेख इथे आहे. पाकीट घरी गेलं की ते घराचं होतं. मोठी चार भावंडं बसलेली असताना कुठली आई एकट्या धाकट्यासाठी हलवा शिजवेल सांगा. दोन दिवसांत संपतं, पुढचे दिवस बाळाला काय तर चहात बुडवलेली रोटी.

म्हणजे कमी काय पडतं? डाळ, तेल, दूध कमी पडतं, आणि त्याहून कमी पडतो तो वेळ. सव्वा वर्षाच्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं भरवावं लागतं, त्याचं पोट मुठीएवढं असतं, एकदम खात नाही. आई पहाटे जंगलात किंवा खाणीवर जाते ती संध्याकाळी येते, घरात सात वर्षांची बहीण त्याला कडेवर घेऊन फिरते. ती कशी आणि काय भरवणार? याच्यावर काम करा ना. आणि अंगणवाडीच्या कार्यकर्तीवर चिडू नका, तिला मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरायचा, रजिस्टर लिहायचं, वजनं घ्यायची, सर्व्हे करायचे, निवडणुकीचं कामही तिच्याच गळ्यात येतं.

बालरोग_जुना
निवृत्त बालरोगतज्ज्ञ आहे, थोडक्यात लिहितो.

६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजतात. ११.५ सेंमीपेक्षा कमी आला तर पट्टी लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ पिवळी. त्याच्या वर हिरवी. पट्टी वापरणं कुणालाही शिकता येतं, अर्ध्या तासाचं काम. दोन्ही पायांवर अंगठ्याने दाबून खड्डा राहतोय का तेही बघावं, सूज असेल तर वजन फसवतं, बाळ गुबगुबीत दिसतं आणि असतं अत्यंत आजारी.

लाल पट्टीचं बाळ दिसलं तर केळं-बिस्किट देऊन पुढे जाऊ नका, आणि घरच्या घरी भरपूर खायलाही घालू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम जास्त अन्न सोसत नाही, हृदयावर ताण येतो, जीव जाऊ शकतो. म्हणून पोषण पुनर्वास केंद्रात, आपण एनआरसी म्हणतो तिथे, आधी एफ-७५ नावाचं पातळ दूध देतात, १०० मिलीत ७५ कॅलरी, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. बाळ सावरलं, भूक परत आली की एफ-१००. ही मुलं रात्री थंड पडतात, साखर उतरते, म्हणून ऊबही तितकीच महत्त्वाची. भूक चांगली आहे, ताप-सूज-जुलाब काही नाही अशा बाळाला भरती करायची गरज नसते, ते घरून अंगणवाडी आणि एएनएम म्हणजे गावच्या नर्सबाईच्या देखरेखीखाली सुधारतं. ज्याला भूकच नाही त्याला भरती करायचं. हे ठरवणं डॉक्टरचं काम, क्लबचं नाही.

आणखी एक, सहरिया समाजात टीबी फार आहे. वजन वाढत नाही म्हटलं की घरात कुणाला जुना खोकला आहे का हे विचारलंच पाहिजे.

बडोदेकर_नातू
बडोद्याहून लिहितोय, आजोळ ग्वाल्हेर, शिंदे की छावणी. इथलं सांगतो म्हणजे तुलना होईल. आमच्याकडे अक्षयपात्रचं मोठं स्वयंपाकघर आहे, सरकारी शाळांत तिथून गरम जेवण जातं, पाहण्यासारखं काम आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, त्याच्या पुढे ७०० आणि २० ग्रॅम, असा देशभर नियमच आहे. पण ते शाळेतल्या मुलांचं झालं. पाच वर्षांखालच्यांचं बघा, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेत कमी वजनाची मुलं ३९.७ टक्के आणि मध्य प्रदेशात ३३ टक्के. गुजरात एवढा पैसेवाला असून तुमच्या पुढे. म्हणजे रस्ते, कारखाने आणि शाळेतलं जेवण सगळं असूनही दोन वर्षांखालचं बाळ सुटून जातं.

मला पर्यवेक्षिका ताईंचं पटलं. ज्या वयाला सरकारचं ताट आधीच पोचतंय तिथे आपण दुसरं ताट का मांडायचं?

लश्करवाली
बडोदेकर, आकडा दिलात ते बरं केलं. आपल्या राज्याचं आधीचं चित्र याहून वाईट होतं, २०१५-१६ च्या पाहणीत कमी वजनाची मुलं ४२.८ टक्के होती, ती ३३ वर आली. म्हणजे होतंय, होत नाही असं नाही. पण अजूनही तीनातलं एक मूल, हे वाचून मला झोप लागत नाही.

आता एक घडलेलं सांगते. मोहनाच्या पुढच्या एका सहरान्यात एका मुलीची पट्टी लाल आली, वर्षाच्या आतली होती. अंगणवाडीच्या दीदीने आणि आम्ही दोघींनी बसून आईची समजूत काढली, ती एका एनआरसीत भरती झाली, पोर दूध प्यायला लागली, वजन चढायला लागलं, आणि भरतीचे १४ दिवस पुरे व्हायच्या आतच ती बाई पोरीला घेऊन निघून आली. सगळे तिलाच बोलले. मी जाऊन विचारलं तर म्हणाली घरी मोठा मुलगा तापाने पडलाय, सासूला दिसत नाही, नवरा मुकादमाबरोबर चैत कापायला निघतोय आणि मुकादम थांबायला तयार नाही, दोन बकऱ्या आहेत त्यांना कोण बघणार. सरकार आईला बुडालेल्या मजुरीचे पैसे देतं पण ते नंतर, खात्यात, आणि तिचं खातं बंद पडलेलं. यात तिने काय चुकीचं केलं? ती एका पोरीची आई नव्हती ना, तिघांची होती.

तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय की क्लबचा पैसा इथे लागला पाहिजे. ते १४ दिवस घरच्या मुलांना दोन वेळ जेवण कुणी द्यायचं, रात्री कोण सोबत राहील, आईच्या फोनमध्ये बॅलन्स, येण्याजाण्याची गाडी, खातं चालू करून देणं. वस्तीतल्याच एखाद्या बाईला त्या दिवसांचे पैसे देऊन हे सगळं करता येतं. पुरी-भाजीच्या एका रविवारच्या खर्चात किती आयांचे १४ दिवस निघतील याचा हिशोब बोर्डापुढे ठेवणार आहे.

फालके_बाजार
मी सीए आहे, क्लबचा खजिनदार राहिलोय. लश्करवाली वहिनी, तुमचा अडथळा बाळाच्या दंडात नाहीये तर रिपोर्टच्या फॉर्ममध्ये आहे, तो आधी समजून घ्या. दर महिन्याला वर डिस्ट्रिक्टला, म्हणजे क्लबांच्याच वरच्या संघटनेला, रिपोर्ट जातो, त्यात लाभार्थी किती असा रकाना असतो. एका रविवारी ४०० पुडे वाटले की ४०० लिहिता येतात. एका बाळाच्या मागे वर्षभर फिरलात तर लिहायचं १. वर्षाच्या शेवटी बक्षिसं कुणाला मिळणार ते कळलंच. माणसं वाईट नाहीत, जे मोजलं जातं ते करतात.

पण अध्यक्ष बदलतात म्हणून लांबचं काम होतच नाही हे काही खरं नाही. पोलिओ बघा. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ प्लस हाती घेतलं. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधली मुलगी होती, आणि भारताला पोलिओमुक्त जाहीर केलं २७ मार्च २०१४ ला. मधल्या काळात प्रत्येक क्लबात २९ अध्यक्ष होऊन गेले असतील, काम थांबलं नाही, कारण त्याचा पैसा आणि समिती दोन्ही अध्यक्षांच्या हातात नव्हती, वेगळं फाउंडेशन, वेगळा हिशोब. लायन्सनेही शंभरी झाली तेव्हा म्हणजे २०१७ च्या सुमारास भूक हा आपल्या मोठ्या विषयांत घेतला आणि त्यांचं फाउंडेशन तर १९६८ पासून आहे.

आपल्या क्लबाच्या पातळीवर सोपा मार्ग असा. आजचे अध्यक्ष, पुढच्या वर्षीचे आणि त्याच्या पुढचे, ही तिन्ही नावं बहुतेक क्लबांत आज माहीत असतात. तिघांच्या सहीने तीन वर्षांचा ठराव करा, वेगळं खातं उघडा, सही दोघांची लागेल असं लिहा आणि समितीचा मुख्य तीन वर्षं बदलायचा नाही. ठराव सर्वसाधारण सभेत पास करून घ्या, नुसता बोर्डात नको, बोर्ड बदललं की कागद गेला.

छत्रीबाजार
एक वेगळा मुद्दा. अंगणवाडी दत्तक घ्यायची योजना आहे ना राज्याची, २०२२ च्या मे महिन्यात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी भोपाळात हातगाडी ओढून खेळणी गोळा केली होती ती. तिच्यातच घुसून करा, वेगळं दुकान कशाला. आणि पॅकेटच्या बाबतीत नुसता विश्वास ठेवू नका, त्याच वर्षी महालेखाकारांच्या अहवालाच्या बातम्या आल्या होत्या की पोषण आहार नेणारे ट्रक म्हणून कागदावर दिलेले काही नंबर मोटरसायकलींचे निघाले. तेव्हा वस्तीत पाकीट खरंच पोचतंय का हे बघणारा बाहेरचा डोळा पाहिजेच. क्लबवाले हे करू शकतात, त्यांना कुणी बदली करून हलवू शकत नाही.

रिटायर्ड_पर्यवेक्षिका
बाहेरचा डोळा हवा, मान्य, पण पहिल्याच दिवशी तपासणी पथकासारखे जाऊ नका. आधी काम करा, विश्वास बसू द्या, मग कार्यकर्ती स्वतःच सांगेल काय येतं आणि काय येत नाही.

दत्तक घेतलेल्या अंगणवाड्यांत मी काय पाहिलं ते सांगते. रंगरंगोटी होते, भिंतीवर हत्ती-जिराफ येतात, खेळणी येतात, टीव्ही लागतो. वजनकाटा मात्र तोच जुना, सेल संपलेले, लांबी मोजायची पाटी तुटलेली. काट्याशिवाय बाळ घसरतंय हे कळणार कसं? एखाद्या महिन्यात वजन वाढलं नाही तेव्हाच धावायचं असतं, लाल पट्टी येईपर्यंत थांबायचं नसतं. दुसरं, ज्या आया मजुरीला जातात त्यांच्या दोन वर्षांखालच्या बाळांसाठी वस्तीतच एक खोली बघा, दोन बायका पगारावर ठेवा, दिवसातून तीनदा घट्ट वरण-भात किंवा खिचडी, वरून चमचाभर तेल, उकडलेला बटाटा, हंगामात शेवग्याचा पाला. मोठी बहीण मग शाळेत जाते हा वरचा फायदा. राज्याबाहेर अशी पाळणाघरं चालतात, आपल्याकडे फारच थोडी.

अंड्याचं मी बोलत नाही, अंगणवाडीत अंडं द्यायचं की नाही यावर २०१५ पासून राजकारण चाललंय. सहरिया घरात अंडं खातात, घरच्या कोंबडीचं असेल तर बाळाला द्या एवढं मी आयांना नेहमी सांगायचे.

बालरोग_जुना
शेंगदाणा चांगला, आपल्याकडे स्वस्त मिळतो, पण लहान बाळाला अख्खा दाणा कधीही देऊ नका, श्वासनळीत अडकतो. बारीक कूट करून, गुळाबरोबर, दुधात किंवा पेजेत. गजक-चिक्की वाटायची टूम निघेलच, ती पाच वर्षांच्या आत नको. आणि क्लबने स्वतःची पावडर बनवून औषधासारखी वाटू नये, अशी पाकिटं मी पाहिली आहेत, मात्रा कुणालाच माहीत नसते.

पावसाळा लक्षात ठेवा. जुलै ते सप्टेंबर जुलाब वाढतात, घरातलं धान्य-पैसा संपलेला असतो, पिवळ्या पट्टीचं बाळ एका जुलाबात लाल होतं. दस्तक अभियानात आशा आणि एएनएम घरोघर जाऊन दंड मोजतात, ओआरएस देतात, त्यांच्याबरोबर फिरा. तुमचे नवे अध्यक्ष १ जुलैला बसतात आणि शपथविधी-सत्कारांत महिना जातो, नेमका तोच महिना सगळ्यात धोक्याचा.

मोरारचे_काका
वाचत होतो सगळं. डॉक्टरसाहेबांचं जुलै महिन्याचं बोलणं मनाला लागलं. मी स्वतः एके काळी क्लबचा अध्यक्ष होतो, शपथविधीला हॉटेल, हार, शाली, स्मृतिचिन्हं, सगळं होतं.

अन्नदानावर माझी श्रद्धा आहे आणि ती राहील. पण त्या बाईच्या घरी मागे राहिलेल्या दोन मुलांना १४ दिवस दोन्ही वेळ जेवू घालणं हेही अन्नदानच आहे, नाही का? वडिलांच्या तिथीची रक्कम मी यावर्षीपासून त्याला देतो. पितृपक्षात आपल्या मराठी घरांतून निदान वीस-पंचवीस जण तरी असे निघतील, सांगायला मी जाईन, माझ्या वयाच्या माणसांना माझं बोलणं कळतं. फक्त एक अट, वर्षातून एकदा तरी देणाऱ्याला तिथे घेऊन जा. नुसती पावती दिली तर पुढच्या वर्षी कुणी देणार नाही.

लश्करवाली
काका, नमस्कार करते तुम्हाला. जरूर नेऊ, पण पाच-सहा जणांच्या वर एकदम नको आणि बाळांचे फोटो नकोत, विशेषतः लाल पट्टीच्या बाळाचा तर नकोच, त्या आईला गावात तोंड दाखवायचं असतं.

छत्रीबाजार
फोटो नाही तर पेपरवाले छापणार नाहीत, पेपर नाही तर देणगी नाही. हे कसं सोडवणार?

फालके_बाजार
काट्याचा, खोलीचा, शिजणाऱ्या खिचडीचा फोटो द्या. आणि रिपोर्टात लाभार्थीच्या रकान्याखाली आपणच एक ओळ जोडू: किती बाळं लालवरून पिवळीवर आणि पिवळीवरून हिरवीवर आली, आणि किती जणांची एनआरसीतून सुट्टी झाल्यावर दर १५ दिवसांची तपासणी पूर्ण झाली. फॉर्म वर बदलणार नाही लगेच, पण दुसरा क्लब वाचेल आणि विचारेल.

श्योपूरची_सून
पहिल्यांदाच लिहितेय. माहेर ग्वाल्हेर, आता श्योपूरला. आमच्याकडचं ऐका. कूनो अभयारण्यासाठी १९९८ ते २००३ च्या दरम्यान २४ गावं उठवली, बहुतेक सहरियांची, तेव्हा सिंह आणायचे होते, आले ते चित्ते आणि तेही २०२२ ला. जंगलातून मिळणारं किती काय काय होतं, कंदमुळं, भाज्या, मध, डिंक, ते सुटलं आणि नव्या जागी जमीन दगडाळ. २०१६ ला इथे कुपोषणाने मुलं दगावल्याच्या बातम्या देशभर गेल्या, मग गाड्याच्या गाड्या सामान आलं, सगळ्यांनी वाटलं, थोड्या महिन्यांनी कुणी फिरकलं नाही. आमच्या वस्तीतल्या बायका आजही विचारतात की तुम्ही वाटपवाले की राहणारे. तुमचा क्लब तीन वर्षं टिकणार असेल तरच या, आणि चैतच्या आधी या, कारण फाल्गुनात अर्धी वस्ती निघून जाते आणि बाळं त्यांच्याबरोबर जातात, ना इथल्या अंगणवाडीत ना तिथल्या. निघताना बाळाच्या कार्डाचा फोटो आईच्या फोनमध्ये काढून द्या, जिथे जातील तिथली कार्यकर्ती तो बघून निदान पाकीट तरी देते, ज्या बायकांनी दाखवला त्यांना मिळालंय.

रिटायर्ड_पर्यवेक्षिका
सूनबाईंनी अगदी मोलाचं सांगितलं. बाहेरगावी गेलेल्या कुटुंबाला दुसऱ्या ठिकाणी अंगणवाडीचा लाभ मिळतो, पोषण ट्रॅकरमध्ये नाव हलवता येतं, आईला हे कुणी सांगतच नाही. मुकादमांचे नंबर घेऊन ठेवा, कुठल्या जिल्ह्यात नेतायत ते त्यांनाच माहीत असतं.

लश्करवाली
गुरुवारी बोर्ड आहे. ठरावाचा मसुदा फालकेबाजारवाल्या दादांनी मला पाठवलाय, तिघांपैकी दोन अध्यक्षांनी होकार दिलाय, तिसऱ्यांचं म्हणणं की त्यांच्या वर्षात त्यांचाही एक स्वतःचा प्रकल्प हवा. मी म्हटलं अवश्य करा, फक्त या खात्याला हात लावू नका. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलंय. सुरुवात दोनच सहरान्यांपासून, एक मोहनाकडचा आणि एक घाटीगावजवळचा, जास्त नाही. श्योपूर पुढच्या वर्षी, सूनबाई, शब्द देत नाही पण मनात आहे.

आत्ता लगेच हवंय ते सांगते. दोन वजनकाटे आणि लांबीच्या दोन पाट्या, पण ताई म्हणतात खात्याला पत्र देऊन, पावतीसह द्यायचे, नाहीतर रजिस्टरला चढत नाहीत. घाटीगावकडे मंगळवारी जाऊ शकेल अशी गाडी. आणि सहरियांची बोली बऱ्यापैकी कळणारी एखादी बाई, माझी हिंदी त्यांना मास्तरीणबाईंची वाटते.

मोरारचे_काका
मंगळवारी माझी गाडी घ्या, ड्रायव्हरसकट. तिसऱ्या अध्यक्षांच्या वडिलांना मी ओळखतो, आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन येतो.